दोन हजार एक, नवरीच्या मामांकडून

माझ्या लग्नातला एक आवाज मी अजून हुबेहूब काढते. डाव्या हाताची मूठ तोंडासमोर धरायची, मान जराशी वाकडी करायची आणि पोटातून हवा ओढून सुरुवात करायची: "हॅलो, हॅलो... नवरीच्या मामांकडून... नवरीला... रोख रुपये... दोन हजार एक!" प्रत्येक शब्दामागे थांबायचं. तो पुकारणारा तसाच थांबला होता. 'रोख' म्हणून तर तो इतका वेळ गप्प राहिला, की बॅटरी उतरली असं समजून लाउडस्पीकरवाला गडी लिंबाच्या झाडावर चढायला निघाला होता.

आमच्याकडे काही कार्य निघालं की जेवणं झाल्यावर जावा, नणंदा, त्यांची पोरं माझ्याभोवती बसतात आणि म्हणतात, तो मामाचा आहेर करा. मी करते. मला फार आग्रह करावा लागत नाही. सगळे पोट धरून हसतात. पण त्या दोन हजारांचं आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते सगळं नकलेत बसत नाही. म्हणून इथे लिहिते.

माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून सुटून आले, तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. आमच्याकडे पाऊस यायचा तो लांबच्या पाहुण्यासारखा. दारात उभा राहायचा, ख्यालीखुशाली विचारायचा आणि गाडी चुकेल म्हणून निघून जायचा. रानात आजोबांनी खणलेली विहीर होती, पण शिमगा झाला की तिच्यात घागर बुडत नसे. वडिलांनी नोकरीत असतानाच ठरवून ठेवलं होतं, की सुटताना जे पैसे मिळतील त्यातून सुरुंग लावून ती खाली न्यायची. रजेवर आले की अंगावरचा गणवेश न उतरवता ते आधी विहिरीवर जायचे, काठावर उकिडवे बसायचे, आत खडा टाकायचे आणि कान देऊन ऐकायचे. कोरडा 'टक्' ऐकू आला की म्हणायचे, "थांब. येतो मी."

आले ते दोन हजार रुपये घेऊन. ते पैसे आईच्या ट्रंकेत लुगड्याखाली गेले आणि पंधरवड्याच्या आत तिथूनच बाहेर निघाले.

आईचं माहेर इस्लामपूरकडे, उसाच्या पट्ट्यात. तिथे पाणी मुरतं कुठे हा प्रश्न, आमच्याकडे येतं कुठून हा. मामा आईचा पाठचा, एकुलता एक भाऊ. आईवडील गेल्यावर आईचं माहेर म्हणजे तो एकटाच. दिसायला राजबिंडा, बोलायला त्याहून गोड. त्याला नदीवरून नवीन पाइपलाइन टाकायची होती आणि पैसे कमी पडत होते. तो आला, पायावर पाणी घेतलं, आईनं केलेली बाजरीची भाकरी "आक्का, ह्या चवीसाठी जीव टाकतो मी" म्हणत खाल्ली आणि हात धुता धुता विषय काढला.

"दाजी, चार म्हयन्यांची बात हाय. ऊस गेला, बिल आलं, की पैसं तुमच्या दारात. तुमी काय लगीच सुरुंग लावणार न्हाई. पावसाळा तोंडावर आलाय."

वडिलांना नाही म्हणायचं नव्हतं. त्यांनी फक्त माझ्या दप्तराकडे हात केला. म्हणाले, "देतो की पाव्हणं. एक चिठ्ठी तेवढी करून ठिवू. फौजेत आमी सुई दिली तरी सही घेतो."

आई चुलीपुढून उठली. तिच्या हातात अजून पीठ होतं. "आवं, माझ्या भावाकडनं चिठ्ठी घेता? मग दर भाऊबीजेला त्यो ताटात पैसं टाकतोय, त्याची मीबी पावती देत जाऊ का? बोला की!"

मामा मोठ्यानं हसला. वडीलही हसले. मी दप्तरातून काढलेली वही परत दप्तरात ठेवली. त्या दोन मिनिटांत विहिरीचे पैसे उसाकडे निघून गेले.

चार महिने झाले, वर्ष झालं. वडील मागायला निघाले की मला बरोबर घ्यायचे. यामागे त्यांची युद्धनीती होती. एकट्या मेव्हण्याला टोलवता येतं. भाची बरोबर असली की मामाला तिच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं, आणि हात एकदा खिशात गेला की जरा खोलवर जाईल, असा त्यांचा हिशोब. एस.टी.त बसल्यावर ते मला आदेश द्यायचे. जेवणाआधी विषय काढायचा नाही. जेवताना काढायचा नाही. पान खाताना काढायचा. मामी समोर नसताना काढायचा. मी म्हणायची, मग मी काय करू? ते म्हणायचे, "तू विहिरीचं बोल. सहज बोल."

मामाची युद्धनीती आमच्याहून सरस होती. आम्ही उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत तो सुरू व्हायचा. "या दाजी, या! तुमीच यायचं राहिलं हुतासा. सकाळधरनं तीन घेणेकरी येऊन गेले. आता तुमी आलासा, जरा जीवाला बरं वाटलं." आता असं म्हटल्यावर चौथा घेणेकरी कोण होणार? वडील पायताण काढायचे आणि आत येऊन बसायचे. मग कोंबडं कापलं जायचं. काकवी यायची. पान यायचं. मी सहज म्हणायची, "मामा, आमच्या हिरीत कासव मेलं." मामा डोळ्यात पाणी आणून म्हणायचा, "आरारा!" आणि निघताना आईसाठी लुगडं, माझ्यासाठी परकराचं कापड आणि वडिलांच्या खांद्यावर गुळाची ढेप. हवालदार साहेब ती ढेप घेऊन एस.टी. स्टँडवर उभे राहिलेले मला आजही दिसतात. समोरून कुणी कवायत घेतल्यासारखे ताठ, आणि गुळाभोवती माश्या.

घरी आई लुगड्याची घडी मोडून अंगावर लावून बघायची. "बगा, हात कसा सढळ हाय माझ्या भावाचा."

वडील म्हणायचे, "आपल्याच पैशाचं हाय ते."

"तुमाला न्हाई कळायचं. त्यो देतोय न्हवं? आज ना उद्या तेबी देईल."

आईचं दुःख तिथेच होतं आणि ते मला फार उशिरा कळलं. मामानं पैसे बुडवले असं एकदा तोंडानं म्हटलं असतं, तर पैशांबरोबर तिचं माहेरही बुडालं असतं. म्हणून ती म्हणत नव्हती, आणि वडिलांनाही म्हणू देत नव्हती. मला तर सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला मी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. मामा पाटावर बसलेला असायचा, आई त्याला ओवाळायची आणि मधेच बाहेर डोकावून मला ओरडायची, "आगं आटप, चंद्र बुडंल तुझा!" त्या दिवशी चंद्र असतो नखाएवढा आणि सूर्याच्या मागोमाग निघून जातो. तिच्या त्या ओरडण्यात माझी थट्टा असायची आणि थोडा तोराही. तिचा भाऊ पाटावर होता. माझा डोंगराआड चालला होता.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी मामानं सांगलीला विश्रामबागेत घर केलं. मुलांच्या कॉलेजासाठी, असं म्हणाला. आम्ही गेलो. दारात नवी फटफटी, आत सोफा. वडील सोफ्याच्या अगदी काठावर बसले, विहिरीच्या काठावर बसायचे तसे. त्या दिवशी त्यांनी सगळी युद्धनीती सोडून सरळ विचारलं.

"पाव्हणं, हीर काढायचीच म्हंतो आता. पैशाचं काय करताय?"

मामानं मान खाली घातली. आपण पकडलो गेलोय असं दाखवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मग माझ्याकडे वळला. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"दाजी, एक सांगू? माज्या हातनं आता जे जाईल, ते ह्या पोरीच्या लग्नात जाईल. पैसा ठिवलाय बाजूला. तुमाला आत्ता दिला तर तुमी मातीत घालशीला. लग्न ठरवा, आन् बगा तुमचा मेव्हणा काय करतो ते."

परतताना वडील खुशीत. इतके, की विट्याला उतरून त्यांनी मला भजी घेऊन दिली. "कबूल केलं," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर कबूल केलं. लग्नाच्या आधी हातात देणार. निम्मे लग्नाला, निम्मे हिरीला."

'आधी' हा शब्द मामानं उच्चारलाच नव्हता. तो वडिलांनी घातला होता.

आणि मग माझं लग्न ठरलं. वाचकहो, इथे मला जरा उभं राहून टाळ्या घेऊ द्या, कारण वसुलीसाठी ज्या मुलीचं लग्न लावलं अशी मी पंचक्रोशीत एकटीच असेन. मला सातारला पुढं शिकायचं होतं. वडिलांनाही चालणार होतं, दोन वर्षं थांबायला त्यांची हरकत नव्हती. पण आता विहीर लग्नात अडकली होती. त्यांनी महिन्याभरात स्थळ काढलं. स्थळ चांगलं निघालं ही माझी पुण्याई. माझे यजमान या गोष्टीवर अजून चिडतात, कारण मी चारचौघांत सांगते, की मुद्दल बुडालं पण व्याजात नवरा मिळाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मामा आला. ट्रक भरून माणसं आणली, स्वतः केशरी फेटा बांधून पुढं बसलेला. वडील दिवसभर त्याच्या आसपास. मामा चहा घेतोय, वडील बाजूला. मामा मांडव बघतोय, वडील बाजूला. तो आता आडबाजूला घेईल, मग घेईल. मामा प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकून हिंडला, तेवढा वडिलांचा खांदा चुकवला.

सकाळी अंतरपाटामागे मी उभी होते आणि मामा माझ्या पाठीशी. मंगलाष्टकं चालू असताना तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "रडू नगंस. तुझ्या मामानं तुझ्यासाठी काय आणलंय, बगशील आता." मला खरंच वाटलं.

जेवणं झाली आणि आहेराला सुरुवात झाली. पातेली, टोपी-टॉवेल, पाच रुपये, अकरा रुपये. पुकारणारा भराभर सांगत होता. मग मामा उठला. फेटा सारखा केला, खिशातून जाड पाकीट काढलं आणि पुकारणाऱ्याच्या कानात काही बोलला. पुढचं तुम्ही मघाशी ऐकलंत.

मांडव थक्क झाला. त्या काळात, त्या गावात, मामाकडून रोख दोन हजार! माझ्या सासरचे लोक उठून उभे राहिले. आईनं पदर डोळ्याला लावला. तिच्या जन्माचं सार्थक चाललं होतं. एवढा आहेर करणाऱ्याला मांडवात मानाचा फेटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत, आणि तो बांधायचा नवरीच्या बापानं. वडिलांनी बांधला. त्यांच्या हाताला कवायतीची सवय. एकही सुरकुती पडू दिली नाही. बांधून झाल्यावर मामानं त्यांना मिठी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाकीट माझ्या ओटीत पडलं. नवरीला म्हणून पुकारलेला आहेर नवरीबरोबर सासरी जातो. माझ्या सासूबाईंनी तिथेच मांडवात माझ्या पदराची गाठ सोडून तो स्वतःच्या पदराला बांधला. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या पैशांची खिलारी बैलांची जोडी आली. मी एकदा यजमानांना हळूच विचारलं, हे पैसे बाबांना देता येतील का? ते म्हणाले, "आहेर परत करतात व्हय गं कुणी?" त्या वेळी तरी त्यांचं बरोबर होतं. लोकांनी ऐकलं होतं. मामानं दिले होते.

राहता राहिला वरचा एक रुपया. तो मात्र मामाचा स्वतःचा होता. त्याला व्याज म्हणा.

त्या रात्री आईवडिलांचं जे बोलणं झालं ते आईनं मला फार वर्षांनी सांगितलं. वडील म्हणाले, "त्यो आपलाच पैसा हुता." आई म्हणाली, "छ्या! ह्यो त्याचा आहेर. तुमचा निराळा देईल." आणि ती वाट बघत राहिली. विहीर तशीच. वडील सकाळी काठावर जायचे, पण आता खडा टाकत नव्हते.

दोन वर्षांनी मामाच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला मामा स्वतः आला. मी तेव्हा माहेरपणाला गावातच होते. आई मुलीची आत्या, म्हणजे आहेरात तिचा मान मोठा. मामानं चहा पीत सहज सांगितलं, "दाजी, मी काय तोंडानं बोलणार न्हाई. पर व्याही लोक इचारतात की, आत्याच्या घरच्या लग्नात तुमी किती केलं हुतं म्हणून."

एवढंच. आहेर फेडायचा तर थोडा जड फेडायचा असतो. वडिलांनी दोन शेळ्या आणि एक कालवड विकली, तरी पुरेना. मग फौजेतल्या एका जुन्या सोबत्याकडून उसने आणले. तिथं मात्र चिठ्ठी झाली, तिकिटावर सही झाली. या सगळ्या प्रकरणात कागद झाला तो हा एकच, आणि त्याच्यावर सही माझ्या वडिलांची.

लग्न विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात. मी आईबरोबर गेले होते. आहेराआधी आई मला घेऊन कोठीच्या खोलीत गेली. तिथे मामा लाडू मोजून घेत होता. आईनं दार लोटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो विषय स्वतः काढला.

"ह्यांचं हिरीचं पैसं ऱ्हायलं हाईत. कवा देतोस?"

मामाला खरोखर नवल वाटलं. नाटक नव्हतं ते. एव्हाना त्याचाही विश्वास बसला असावा.

"आक्का, असं काय करतीस? दिलं की. सगळ्या मांडवानं ऐकलं न्हवं?"

"त्यो आहेर हुता."

"मग?" मामा म्हणाला. "पैसं त्येच."

"आन् आज आमी जे आणलंय, ते?"

"ते तुझ्या भाचीला," मामा म्हणाला. त्यानं एक लाडू उचलून आईच्या हातावर ठेवला. "खा. सकाळधरनं उपाशी हाईस."

आईनं तो लाडू परातीत परत ठेवला. बाहेर आली. वडिलांच्या हातातून पाकीट घेतलं आणि स्वतः जाऊन दिलं. सांगलीचा पुकारणारा कोरडा माणूस होता. त्यानं "आत्याबाईंकडून दोन हजार एकशे एक" असं रेशनच्या दुकानात नाव घ्यावं तसं सांगितलं. तरी टाळ्या पडल्या. मामानं व्याह्यांकडे बघून मान डोलावली.

परतीच्या एस.टी.त मी मधे, ती दोघं दोन बाजूंना. आटपाडी गेल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हाग पडलं तुमाला माझं म्हायेर."

वडिलांनी पायाशी ठेवलेली पिशवी थोडी आत सरकवली.

त्या दिवाळीला मामा नेहमीसारखा भाऊबीजेला आला. मीही माहेरी होते. पाट मांडला, रांगोळी काढली. आईनं कुंकू लावलं, सुपारी-अंगठी फिरवली, ओवाळलं. मामानं ताटात दहाची नोट टाकली आणि उठायला लागला.

"बस," आई म्हणाली. "पावती देते."

मामा हसला. "आक्का, काय चेष्टा लावलीस."

आईनं मला हाक मारली. "वही आण. लिव. भावाकडनं भाऊबीजेचं रुपये धा मिळालं." मी लिहिलं. नाटकाची हौस रक्तातच असावी. अक्षर मी चांगलं काढलं. आईला सही येत नव्हती. तिनं दिव्याच्या काजळीत अंगठा बुडवला, कागदावर उठवला आणि कागद मामापुढे धरला. "जपून ठिव. उद्या मी म्हणंन, दिलंच न्हाईस."

मामाचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. मग ते राहिलं नाही. त्यानं कागद घेतला, घडी केली आणि खिशात घातला. जेवायला थांबला नाही. वडील दारापर्यंत गेले आणि परत आले.

"कशाला केलंस गं?"

"तुमी सुईचीबी सही घेत हुतासा," आई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

हे पावतीचं तेवढं मी नकलेत घालते. अंगठ्याचा भाग तर फार रंगतो. काजळी म्हणून मी डोळ्यातलं काजळ लावते. पुढच्या वर्षीचं मात्र मी करून दाखवत नाही.

पुढच्या वर्षी मामा आला नाही. आईनं दुपारी पाट मांडला होता, तो तिनेच उचलला. दिवस कलला, तसं मी आपलं ताट घेऊन नेहमीसारखी अंगणात गेले. चंद्र डोंगरावर आला होता, बारीक, पडतोय की काय असा. माझ्या मागे पायरीवर बांगड्या वाजल्या. आईच्या हातात तिचं ताट होतं, निरांजन लावलेलं.

"सरक जरा," ती म्हणाली.

मी सरकले. आम्ही दोघींनी ओवाळलं. तिला सवय नव्हती. चंद्र कुठे आहे ते तिला आधी दाखवावं लागलं.